सप्ताहाचे कीर्तन थेट दाखवताना: प्रक्षेपण मध्येच तुटू नये म्हणून

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तने आता यूट्यूबवर थेट दाखवली जातात आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली, तशीच दुबईला किंवा न्यू जर्सीला गेलेली गावची मंडळी ती घरी बसून ऐकतात. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांचा समज असा असतो की बरा कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइलचे नेट एवढ्यावर भागते. आणि पहिले दोन-तीन दिवस ते खरोखरच भागते. तुटते ते काल्याच्या कीर्तनाला. त्या दिवशी पंचक्रोशीतील माणसे मंडपात असतात, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो, त्यांतील बरेच जण स्वतःही व्हिडिओ पाठवत असतात, आणि ज्या टॉवरच्या भरवशावर तुमचे प्रक्षेपण चाललेले असते त्यालाच हे सगळे फोन जोडलेले असतात.

कॅमेरा आणि ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर थोडेफार हाताळता येते, पण प्रक्षेपण पोहोचवण्याच्या बाजूचा अनुभव नाही, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून रात्री नऊ ते अकरा चालणारे कीर्तन घेतले आहे. लग्न, कबड्डीच्या स्पर्धा किंवा नाटकाचा प्रयोग असला तरी पायऱ्या याच राहतात. एक गोष्ट मात्र आठवडाभर आधीच उरकावी. चॅनेल नवे असेल तर फोन नंबर पडताळून लाइव्हची सुविधा चालू करून घ्यावी लागते आणि पहिल्या वेळी त्याला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मंडप उभा राहिल्यावर ही बाब लक्षात आलेली मंडळी मी पाहिली आहेत.

कोणता टप्पा तुमच्या हातात आहे

मंडपातील चित्र प्रेक्षकापर्यंत दोन टप्प्यांत पोहोचते. पहिला टप्पा तुमच्या लॅपटॉपपासून यूट्यूबच्या सर्व्हरपर्यंतचा आणि दुसरा तेथून प्रेक्षकाच्या फोनपर्यंतचा. दुसऱ्या टप्प्यात तुमच्या एकाच प्रवाहापासून कमी-अधिक दर्जाच्या अनेक आवृत्त्या तयार केल्या जातात, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा हे प्रेक्षकाचा प्लेअर आपल्या नेटचा वेग पाहून ठरवतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत याच तत्त्वावर चालते. प्लेअरने दोन-चार तुकडे आधीच जमवून ठेवलेले असतात, त्यामुळे प्रेक्षकाचे नेट क्षणभर अडखळले तरी त्याला ते कळतही नाही.

पहिल्या टप्प्याला अशी मुभा नसते. तेथे एकच प्रवाह असतो, एकाच दर्जाचा. एखाद्या प्रेक्षकाचे नेट अडले तर एकट्या त्याच्या पडद्यावर गोल फिरते. तुमचे अपलोड अडले की सगळ्यांच्याच पडद्यावर फिरते, मग त्यांच्या घरी कितीही वेगवान फायबर असो. म्हणून पुढचे सगळे विवेचन या पहिल्या टप्प्याबद्दलच आहे.

आधी उशीर ठरवावा

नवा माणूस बिटरेटपासून, म्हणजे सेकंदाला किती माहिती पाठवायची या आकड्यापासून, सुरुवात करतो. माझ्या मते सुरुवात उशिरापासून करावी. मंडपात घडलेली गोष्ट प्रेक्षकाला किती सेकंदांनी दिसली तर चालेल, हा प्रश्न आयोजकांना विचारावा आणि उत्तर कागदावर लिहावे, कारण वाटेत हरवलेली माहिती पुन्हा मागवायला वेळ लागतो आणि तो वेळ आधीच राखून ठेवलेला नसेल तर जगातले कोणतेही तंत्र तुमच्या कामी येत नाही. तुटणारे प्रक्षेपण पाहिले की बहुतेक वेळा असे आढळते की कोणीतरी गरज नसताना उशीर कमी करायला गेले होते.

यूट्यूबवर नॉर्मल, लो आणि अल्ट्रा-लो असे तीन पर्याय मिळतात. कीर्तन ऐकणाऱ्याला बुवांशी बोलायचे नसते, त्यामुळे तेथे नॉर्मलच ठेवावा. व्याख्यान असेल आणि श्रोते चॅटमध्ये प्रश्न विचारणार असतील तर लो घेण्याला अर्थ आहे. दूरच्या पाहुण्याला मंडपातल्या माणसांशी समोरासमोर बोलायचे असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर उत्तर पोहोचावे लागते. ते वेबआरटीसी या तंत्रावर चालणाऱ्या व्हिडिओ कॉलचे काम आहे आणि त्याची मांडणी पूर्ण वेगळी असते.

प्रत्यक्ष उशीर मोजणे सोपे आहे. एका मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून तो कॅमेऱ्यासमोर धरावा, दुसऱ्या मोबाइलवर यूट्यूबचे प्रक्षेपण उघडावे, आणि दोन्ही पडदे एकाच छायाचित्रात येतील असा फोटो काढावा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमचा उशीर. तो पंधरा-वीस सेकंद भरला तर घाबरू नये. उलट, जेथे वीस सेकंद जाणारच आहेत तेथे पहिल्या टप्प्यासाठी आणखी दोन सेकंद राखून ठेवायला काय हरकत आहे, हा विचार येथेच सुचायला हवा, कारण पुढे त्या दोन सेकंदांचाच उपयोग होणार आहे.

अपलोड कसे मोजावे

वेग मोजणारी ॲप्स दहा-पंधरा सेकंद एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, जवळच्या सर्व्हरकडे माहिती ढकलतात आणि मोठा आकडा दाखवतात. तुम्हाला दोन तास एकाच जोडणीवरून सारखा प्रवाह पाठवायचा असतो. म्हणून त्या आकड्याकडे फक्त अंदाज म्हणून पाहावे, आणि मोजणी दुपारी चार वाजता रिकाम्या मंडपात न करता आदल्या रात्री कीर्तन चालू असताना, गर्दी बसलेली असताना करावी. डाउनलोडचा वेग पाहून समाधान मानू नये. मोबाइलच्या काही बँडमध्ये, उदाहरणार्थ २३०० मेगाहर्ट्झच्या फोर-जीमध्ये, एकच लहरपट्टा वेळ वाटून दोन्ही दिशांना वापरला जातो आणि त्यातला अपलोडचा वाटा मुळातच लहान असतो. त्यामुळे डाउनलोड ४० मेगाबिट आणि अपलोड ३ मेगाबिट असे चित्र अजिबात दुर्मीळ नाही.

वेगाइतकेच महत्त्व दुसऱ्या दोन आकड्यांना आहे आणि ते पिंगवरून, म्हणजे सर्व्हरला छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहण्याच्या चाचणीवरून, मिळतात. लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरच्या पत्त्याला दोनशे वेळा पिंग करावे. साधारण साडेतीन मिनिटे लागतात. शेवटी किमान, कमाल आणि सरासरी वेळ येते आणि किती पॅकेट (माहितीची छोटी पाकिटे) हरवली तेही येते. सरासरी ५५ मिलिसेकंद, कमाल ९०, हरवलेली शून्य, असे आले तर जोडणी चांगली आहे. सरासरी ७०, कमाल १४००, हरवलेली ३ टक्के, असे आले तर सरासरी पाहून फसू नये. मधूनमधून दीड-दीड सेकंद वाट बंद होते आहे, असा त्याचा अर्थ. हीच चाचणी अपलोड चालू असताना पुन्हा करावी, कारण रिकाम्या वाटेवर पिंग नेहमीच चांगले येते आणि वाट भरली की राउटरमध्ये रांग लागून तेच पिंग हजाराच्या पुढे जाते.

राउटर असेल तर त्याच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) हे आकडे पाहावेत. आरएसआरपी उणे ९०च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे ११०च्या खाली गेला तर जागा बदलावी. पत्र्याच्या मंडपात राउटर ठेवणे म्हणजे तो डब्यात बंद करण्यासारखे आहे. लांब केबल घेऊन तो मंडपाबाहेर, शक्य तर देवळाच्या किंवा शाळेच्या गच्चीवर ठेवावा. त्याआधी एक चौकशी मात्र जरूर करावी, ती ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या कार्यालयात किंवा शेजारच्या दुकानात फायबर आले आहे का, याची. आले असेल आणि अंतर शंभर मीटरच्या आत असेल तर एक लॅनची केबल ओढून घ्यावी. या एका केबलने निम्मी काळजी मिटते. शंभर मीटरच्या पुढे मात्र साधी लॅन केबल चालत नाही, मध्ये स्विच लावावा लागतो.

बिटरेट, आणि डेटाचा हिशेब

गर्दीच्या वेळी मिळालेल्या सर्वांत कमी अपलोडच्या निम्म्याहून जास्त बिटरेट ठेवू नये, असा माझा नेम आहे. सहा मेगाबिट मिळाले तर तीन. तीन मेगाबिटमध्ये १०८०पी पाठवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा ७२०पी पाठवावे. चित्र अधिक स्वच्छ दिसते. एकट्या बुवांवर कॅमेरा असतो तोवर कमी बिटरेटही पुरतो, पण ‘जय जय रामकृष्ण हरी’चा गजर सुरू झाला, मागचे वीस-पंचवीस टाळकरी एकदम हलू लागले आणि पताका फडकू लागल्या की प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी होते आणि चित्राचे चौकोन दिसू लागतात. चाचणीसाठी नेमका हाच प्रसंग वापरावा.

ओबीएसमध्ये बिटरेटचा प्रकार सीबीआर (स्थिर बिटरेट) ठेवावा, म्हणजे गजरात प्रवाह अचानक फुगत नाही. कीफ्रेमचे (आधीच्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्राचे) अंतर २ सेकंद असावे. ते शून्यावर म्हणजे ऑटोवर सोडू नये, कारण यूट्यूबला तुकडे पाडायला नियमित कीफ्रेम लागतात. आवाजाला १२८ किलोबिट द्यावेत आणि नेट कमी पडले तरी त्यात कपात करू नये. चित्र थोडे पुसट झाले तर कीर्तनाचा श्रोता सहन करतो, शब्द तुटला तर उठून जातो.

आता हिशेब. ३ मेगाबिट चित्र आणि १२८ किलोबिट आवाज, असे दोन तास पाठवले तर सुमारे २.८ गिगाबाइट डेटा लागतो. पहिल्या वर्षी पारनेर तालुक्यातल्या एका गावी मी दररोज २ गिगाबाइट मिळणाऱ्या साध्या प्रीपेड कार्डावर प्रक्षेपण लावले होते. नऊला कीर्तन सुरू झाले, साडेदहाच्या सुमाराला बुवा दृष्टान्त रंगवत होते आणि ओबीएसच्या खालच्या पट्टीतला हिरवा ठिपका लाल झाला. मी राउटर बंद-चालू केला, केबल काढून लावली, लॅपटॉपही पुन्हा सुरू केला. दहा मिनिटे गेली. दोष कशातच नव्हता. दिवसाचा डेटा संपला होता आणि वेग ६४ किलोबिटवर आला होता, म्हणजे तेवढ्यात नुसता आवाजही गेला नसता. हा हिशेब कागदावर करायला दोन मिनिटे लागतात, आणि त्यात पुन्हा पाठवल्या जाणाऱ्या पॅकेटांसाठी व चाचणीसाठी आणखी चतुर्थांश धरावा.

आरटीएमपी की एसआरटी

ओबीएसमध्ये यूट्यूब निवडून स्ट्रीम-की (तुमच्या चॅनेलचा गुप्त संकेत) घातली की प्रवाह आरटीएमपी किंवा त्याचेच सुरक्षित रूप असलेल्या आरटीएमपीएसने जातो. आरटीएमपी ही फ्लॅश प्लेअरच्या काळातील पद्धत आहे. फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद झाले, पण प्रवाह पाठवण्याची ही पद्धत टिकून राहिली, कारण ती सगळीकडे चालते. तिचा पाया टीसीपी ही इंटरनेटवर माहिती पाठवण्याची पद्धत आहे आणि टीसीपीचा नियम असा की सगळी पॅकेट क्रमानेच पोहोचली पाहिजेत. दिंडीत अरुंद पुलावर पुढचा एक वारकरी थांबला की मागची सगळी दिंडी थांबते, तसे एक पॅकेट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची आलेली पॅकेटही अडकून राहतात. शिवाय पॅकेट हरवले म्हणजे वाटेत गर्दी आहे, असे समजून टीसीपी आपला वेग कमी करते. फायबरवर हे क्वचित घडते. मोबाइलच्या जोडणीवर, जेथे २ टक्के पॅकेट नुसत्या सिग्नलच्या चढउताराने हरवतात, तेथे हे सतत घडते, आणि मग अपलोड सहा मेगाबिट असूनही तीन मेगाबिटचा प्रवाह धापा टाकतो.

एसआरटी ही त्यावरची पद्धत. हायव्हिजन या कंपनीने ती तयार केली आणि २०१७ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुली केली. ती यूडीपी या माहिती पाठवण्याच्या साध्या पद्धतीवर चालते. यूडीपीला क्रमाची किंवा पोचपावतीची फिकीर नसते; ती फिकीर एसआरटी स्वतः वाहते, पण वेळेची मर्यादा घालून. प्रत्येक पॅकेटला क्रमांक असतो. घेणाऱ्या टोकाला मध्येच एखादा क्रमांक गाळलेला दिसला की ते लगेच तेवढेच पॅकेट पुन्हा मागवते आणि बाकीची पॅकेट घेणे चालूच ठेवते. आलेली माहिती ते ठरवून दिलेला वेळ धरून ठेवते आणि मग मूळच्या गतीने पुढे सोडते. त्या वेळात हरवलेले पॅकेट परत आले तर प्रेक्षकाला काही कळत नाही. नाही आले तर ते सोडून देऊन प्रवाह पुढे चालू राहतो.

आपल्या उदाहरणात हे आकड्यांत पाहू. एका पॅकेटमध्ये १३१६ बाइट मावतात, त्यामुळे आपल्या ३ मेगाबिटच्या प्रवाहात सेकंदाला जवळजवळ ३०० पॅकेट निघतात. २ टक्के हरवली तर सेकंदाला सहा. जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद लागत असतील तर २ सेकंदांच्या राखीव वेळात तेच पॅकेट वीस-पंचवीस वेळा मागवता येते. एसआरटीचा मूळचा राखीव वेळ १२० मिलिसेकंद असतो आणि त्यात फार तर एकदा मागवून होते. पिंगच्या तिप्पट-चौपट वेळ ठेवावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते; पण आपल्याला मुळातच वीस सेकंद उशीर चालणार असल्यामुळे मी सरळ २ सेकंद ठेवतो.

मांडणी अशी करावी. मुंबईतील डेटा सेंटरमधला एक लहानसा आभासी सर्व्हर महिन्याभरासाठी भाड्याने घ्यावा. त्यावर मीडियाएमटीएक्स हे मोफत सॉफ्टवेअर बसवावे. ते एसआरटीचा प्रवाह ८८९० या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) घेते. तेथून एफएफएमपेग हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर तोच प्रवाह यूट्यूबला आरटीएमपीने पाठवते. चित्र पुन्हा एन्कोड करायचे नसल्यामुळे, म्हणजे फक्त कॉपी करायचे असल्यामुळे, साधा सर्व्हरही पुरतो. प्रवाह आला की एफएफएमपेग आपोआप सुरू व्हावे आणि बंद पडले तर पुन्हा सुरू व्हावे, अशी ओळ मीडियाएमटीएक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिता येते. अशा रीतीने खराब वाटेवर एसआरटी राहते, आणि डेटा सेंटरपासून यूट्यूबपर्यंतच्या चांगल्या वाटेवर आरटीएमपी.

एसआरटीमध्ये एक टोक कॉलर (जोडणी लावणारे) असते आणि दुसरे लिसनर (तिची वाट पाहणारे). मंडपातला लॅपटॉप नेहमी कॉलर ठेवावा. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या लॅपटॉपला फोन लावताच येत नाही; तुम्हालाच सर्व्हरला लावावा लागतो. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ८८९० हे पोर्ट यूडीपीसाठी उघडावे. सवयीने टीसीपीसाठी उघडून ठेवणे आणि मग तासभर डोके खाजवणे हा या कामातला दीक्षाविधीच आहे.

दुसरी एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती कळायला फार वेळ लागला. ओबीएसमध्ये एसआरटीच्या पत्त्याच्या शेवटी लेटन्सीचा, म्हणजे राखीव वेळाचा, आकडा लिहावा लागतो आणि तो मायक्रोसेकंदांत असतो, तर इतर बहुतेक ठिकाणी मिलिसेकंदांत. दोन सेकंद हवे असतील तर ओबीएसमध्ये २०००००० लिहावे लागतात. मी २००० लिहिले होते, म्हणजे दोन मिलिसेकंद. दोन टोकांच्या आकड्यांपैकी मोठा असेल तो लागू होतो, म्हणून दुसऱ्या टोकाचे मूळचे १२० मिलिसेकंद चालू राहिले आणि प्रक्षेपण पूर्ण तुटले नाही, फक्त दर मिनिटाला एकदा चौकोन दिसत राहिले. अशी अर्धवट चालणारी चूक पूर्ण बंद पडणाऱ्या चुकीपेक्षा वाईट. पत्त्यात सांकेतिक शब्दही घालावा. तो किमान दहा अक्षरांचा लागतो, आणि तो नसेल तर पत्ता माहीत असलेला कोणीही तुमच्या सर्व्हरवर आपला प्रवाह ढकलू शकतो.

एवढे कौतुक केल्यावर मर्यादाही स्पष्ट सांगतो. एसआरटी हरवलेली पॅकेट परत आणते, नसलेली बँडविड्थ आणत नाही. अपलोड २ मेगाबिट आणि प्रवाह ३ मेगाबिटचा असेल तर पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांनी गर्दी आणखी वाढते. आणि गावात फायबर मिळाले असेल तर हा सर्व्हरचा खटाटोप करूच नये. ओबीएसमधून सरळ यूट्यूबला पाठवावे.

दुसरी जोडणी

एकाच कंपनीची दोन कार्डे म्हणजे दुसरी जोडणी नव्हे, कारण दोन्ही त्याच टॉवरवर जातात. दोन कंपन्यांची कार्डे घ्यावीत, आणि त्यांतले एक पोस्टपेड किंवा मोठ्या डेटाचे असावे. येथे विक्रेत्यांच्या भाषेपासून सावध राहावे. दोन सिम घेणारा राउटर बहुतेक वेळा भार वाटतो, म्हणजे एक जोडणी या वाटेने आणि दुसरी त्या वाटेने पाठवतो. तुमचा प्रवाह ही एकच जोडणी असल्यामुळे तो एकाच सिमवरून जातो, आणि ते बंद पडल्यावर दुसऱ्यावर जाईपर्यंत प्रक्षेपण तुटलेले असते. खरे बाँडिंग वेगळे: त्यात पॅकेट दोन्ही वाटांनी जातात आणि पलीकडच्या सर्व्हरवर पुन्हा एकत्र जोडली जातात, म्हणून त्याला पलीकडे सर्व्हर लागतोच. वृत्तवाहिन्यांचे बातमीदार पाठीवर जी बॅग घेऊन फिरतात त्यात हेच असते. एसआरटीमध्येही १.५ आवृत्तीपासून दोन वाटांनी तोच प्रवाह पाठवण्याची सोय आहे, मात्र दोन्ही टोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती असावी लागते. बेत लहान असेल तर दुसरा फोन केबलने जोडून तयार ठेवावा आणि हाताने बदलावे. वीस सेकंदांचा खंड पडतो, पण खर्च शून्य.

मंडपातील जोडणी

फोनचे हॉटस्पॉट वायफायवरून वापरू नये. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच असतात आणि हजार फोन असलेल्या मंडपात ते टिकत नाहीत. यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट केबलने लॅपटॉपला देणे) करावे किंवा राउटरपासून लॅनची केबल आणावी. लॅपटॉपवरचे अपडेट आणि फोटोंचे आपोआप होणारे बॅकअप बंद करावेत. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो, हे अंधार झाल्यावरच आठवते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावा. साऊंडवाल्याकडून मुख्य आउटऐवजी स्वतंत्र ऑक्स आउट मागावा, म्हणजे मंडपात आवाज कमी-जास्त केला तरी तुमच्याकडे तो सारखा येतो.

ओबीएसमध्ये प्रक्षेपणाबरोबर लॅपटॉपवर ध्वनिमुद्रणासह चित्रण चालू ठेवावे आणि ते एमकेव्ही प्रकारात असावे. मध्येच वीज गेली तर साधी एमपीफोर फाइल उघडत नाही, एमकेव्ही उघडते.

प्रक्षेपण चालू असताना

ओबीएसमधले चित्र सुरेख चालले आहे म्हणजे प्रक्षेपण चालले आहे, असे समजू नये. ते चित्र अजून लॅपटॉपच्या बाहेर पडलेले नसते. एका माणसाने वेगळ्या कंपनीच्या नेटवर, कानात हेडफोन घालून, प्रेक्षक म्हणून पाहत बसावे. शिवाय बाहेरगावच्या एखाद्या भाच्याला ‘आवाज फाटला तरी फोन कर’ असे सांगून ठेवावे.

ओबीएसच्या स्टॅट्सच्या खिडकीत गळालेल्या फ्रेमचे तीन वेगळे आकडे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. नेटवर्कमुळे गळणाऱ्या फ्रेम वाढत असतील तर बिटरेट कमी करावा. एन्कोडिंग मागे पडल्यामुळे फ्रेम सुटत असतील तर प्रोसेसर दमला आहे. तेथे एन्कोडरचा प्रीसेट (वेग-दर्जाची ठरीव निवड) हलका करावा, नेटला दोष देऊ नये. रेंडरिंगमुळे सुटत असतील तर ग्राफिक्सवर ताण आहे. हलती पट्टी, ॲनिमेशन काढून टाकावे. सर्वांना सरसकट ‘नेट गेले’ म्हणण्याची सवय लागली की चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती सुरू होते.

जोडणी तुटलीच तर यूट्यूबच्या नियंत्रण कक्षातले प्रक्षेपण समाप्त करण्याचे बटण कोणत्याही परिस्थितीत दाबू नये. ते दाबले की तो दुवा कायमचा संपतो, आणि गावच्या साऱ्या व्हॉट्सॲप गटांत फिरलेला दुवा तोच असतो. यूट्यूबवरचे ऑटो-स्टॉप (प्रवाह थांबला की प्रक्षेपण आपोआप संपवणारी सोय) आधीच बंद करून ठेवावे, ओबीएसमध्ये पुन्हा जोडण्याचा प्रयत्न आपोआप चालू ठेवावा, म्हणजे नेट परत आल्यावर त्याच दुव्यावर चित्र परत येते. कीर्तन बारा तासांच्या आत संपत असल्यामुळे पूर्ण चित्रण यूट्यूबवर आपोआप साठवलेही जाते.

कीर्तन संपताना आवरण्याची घाई नको. मंडपात पसायदान संपते तेव्हा न्यू जर्सीतल्या श्रोत्याच्या कानावर अजून त्याच्या आधीच्या ओळी पडत असतात, कारण तो तुमच्या वीस-बावीस सेकंद मागे आहे. कॅमेरा विठ्ठलाच्या मूर्तीवर स्थिर करून मिनिटभर तसाच चालू ठेवावा, बाहेर बसलेल्या माणसाने हेडफोन काढून ‘झाले’ अशी खूण करावी, आणि मगच समाप्तीचे बटण दाबावे.